पस्तिसावा

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि दर तालुक्यात निदान एक तरी ट्रेनिंगभाऊ आहे. नाव-आडनाव वेगळं, जातीचा दाखला वेगळा, पण फाईल सारखीच. काळ्या रेक्झिनची, चेन एका कोपऱ्यात उसवलेली, आणि आत प्लास्टिकच्या पाकिटांत एका माणसाचं अख्खं आयुष्य साक्षांकित करून ठेवलेलं. मी सांगतोय तो घाटंजी तालुक्यातला. दारव्ह्याचा किंवा झरी-जामणीचा वाचक म्हणेल, हा तर आमच्या गावचा. म्हणू दे. भांडण नको, दोघांकडेही असेल.

वय पन्नाशीच्या घरात, अंगाने किरकोळ, चष्मा कपाळावर. अंगात एका अभियानाचा टी-शर्ट, डोक्यावर दुसऱ्या अभियानाची टोपी, खांद्याला तिसऱ्याची बॅग. पँट तेवढी स्वतःच्या पैशाची, कारण पँट देणारी योजना अजून निघालेली नाही. गालात खर्रा. ‘‘सध्या काय चालू आहे?’’ असं विचारलं की गावातले बाकीचे बेकार मान खाली घालत. हा घालत नसे. खर्रा एका बाजूला सारून शांतपणे सांगायचा, ‘‘सध्या शेळीपालन चालू हाये. पंधरा तारखीपासून मधमाशी.’’

नवखा माणूस विचारायचा, ‘‘शेळ्या किती आहेत मग?’’

‘‘शेळ्या कायले? ट्रेनिंग चालू हाये ना.’’

शेळीपालन, कुक्कुटपालन, आळिंबी, मधमाशी, मोटर रिवाइंडिंग, मोबाईल दुरुस्ती, शिवणकाम, सोयाबीन प्रक्रिया, सुरक्षारक्षक आणि एक ब्यूटी पार्लर. पार्लरच्या बॅचला एक बाई ऐनवेळी आली नाही, तेव्हा याला बसवलं. प्रमाणपत्र आधीच छापून आलेलं होतं, त्यामुळे नावाआधी ‘श्रीमती’ आहे. ते त्याने खोडलं नाही. खाडाखोड असलेलं प्रमाणपत्र चालत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

फाईल उघडली की सर्वांत आधी निघतं ते सेवायोजन कार्ड. १९९३ साली बारावी झाल्यावर त्याने यवतमाळच्या सेवायोजन कार्यालयात जाऊन नाव नोंदवलं. बाप एसटीने सोबत आला होता आणि परतताना घरच्यांसाठी आलुबोंडे बांधून घेतले होते, पोराला नोकरीच लागल्याच्या आनंदात. आता ‘कॉल’ येणार होता. पोस्टमन गल्लीत शिरला की माय पदराला हात पुसत दारात यायची. या कार्यालयांच्या मागं १९५९चा जो कायदा होता तो मालकाला एवढंच सांगायचा की जागा रिकामी झाली तर कळव. कळवलेल्या जागेवर कार्डवाल्यालाच घे, असं त्यात कुठंही नव्हतं. त्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी भरतीत नुसती या कार्यालयाकडून नावं मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. निकाल न्याय्यच होता. ट्रेनिंगभाऊची मात्र पक्की समजूत आहे की आपण कार्ड काढलं हे दिल्लीला कळलं आणि म्हणूनच हा निकाल आला.

पुढं कार्यालयाचं नाव वाढत वाढत ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ एवढं झालं आणि नोंदणी ‘महास्वयम’ पोर्टलवर गेली. त्याने पोर्टलवरही नोंद केली, पण कार्ड जपून ठेवलं. ‘‘पोर्टल बंद पडते भाऊ. कार्ड कदी बंद पडलं काय?’’ चालू तरी कधी होतं, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

आपल्या जिल्ह्याचा आणि बेकारीवरच्या उपायांचा संबंध जुना आहे, आणि त्याचा ट्रेनिंगभाऊला अभिमान आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला कामाच्या हमीचा प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळात तो राज्यभर उपयोगी पडला आणि तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. हे सगळं तो शिक्षकांना ऐकवतो आणि शेवटी म्हणतो, ‘‘तुमच्या पगारातून दर महिन्याले दोनशे रुपये व्यवसाय कर कापते ना, फेब्रुवारीत तीनशे? तो कायच्यासाठी आला माहीत हाये? आमच्यासाठी. १९७५चा कायदा.’’ शिक्षक गप्प होतात. खरंच आहे ते. रोजगार हमीला पैसा हवा म्हणूनच तो कर आला. मागं एका मास्तरने चिडून विचारलं, ‘‘मग तू जातोस का हमीच्या कामावर?’’ त्यावर ट्रेनिंगभाऊने दिलेलं उत्तर पंचक्रोशीत गाजलं.

‘‘नाई जात. ते काम अकुशल मजुरासाठी हाये, तसं कायद्यातच लिवलं हाये. माह्याजवळ कुशल असल्याचे दहा कागद. उद्या कोनी तक्रार केली तं?’’

राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा २००५चा. २००६च्या फेब्रुवारीत तो देशातल्या ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला त्यांत यवतमाळ होतं. ट्रेनिंगभाऊच्या घरात जॉबकार्ड आलं ते तेव्हापासून. कार्डावर नवरा-बायको दोघांचा फोटो आहे, कुदळ एकटीच्या हातात आहे. वहिनी शेततळ्यावर गेल्या, पांदण रस्त्यावर गेल्या, वृक्षलागवडीच्या खड्ड्यांवर गेल्या. २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये. चार एकर कोरडवाहू आहे, कापूस-तूर-सोयाबीन त्याच पाहतात. दारात पाहुणा आला की सांगतात, ‘‘तुमचे भाऊ गेले ट्रेनिंगले.’’ त्या स्वरात राग नसतो. नवरा फौजेत असल्याचं ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात.

पण त्याला आळशी म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. तालुक्यात याच्यासारखा कष्टाळू माणूस नाही. पहाटेची गाडी, दहाला हजेरी, अंगठा, फोटो, नोट्स, संध्याकाळी परत अंगठा. फक्त हे सगळे कष्ट प्रमाणपत्रापर्यंत नेणाऱ्या रस्त्यावरचे आहेत आणि पुढचा रस्ता कोणी केलेलाच नाही.

एकदा तो जवळपास उद्योजक झाला होता. पंतप्रधान रोजगार योजना, २ ऑक्टोबर १९९३ला सुरू झालेली. वय १८ ते ३५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २४ हजारांच्या आत, व्यवसायाला एक लाखापर्यंत कर्ज. त्याने झेरॉक्स सेंटरचा अर्ज केला. जिल्हा उद्योग केंद्रात मुलाखत. समितीतल्या साहेबांनी विचारलं, ‘‘झेरॉक्सच का?’’

‘‘साहेब, तुमच्यापुढं येईपर्यंत माह्या एकट्याचेच इतके झेरॉक्स झाले, का तेवढ्यात मशीनचा एक हप्ता निंगला असता.’’

समिती हसली आणि प्रकरण मंजूर झालं. त्या योजनेची गंमत अशी की आधी मंजुरी, मग आठवडाभराचं प्रशिक्षण आणि त्यानंतर कर्जाचं वाटप. मंजुरी झाली, प्रशिक्षण झालं. हिशेबाची वही कशी लिहावी, गिऱ्हाइकाशी हसून कसं बोलावं, हे सगळं तो शिकला. मग बँकेत गेला. बँकेचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षी शाखेचं उद्दिष्ट संपलं होतं. दुसऱ्या वर्षी मॅनेजर नवीन होते. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, जामीनदार आणा, शेत तारण द्या. एक लाखापर्यंत तारण नको असं योजनेतच होतं. त्याने परिपत्रक काढून दाखवलं. मॅनेजरांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ‘‘चांगलं आहे,’’ म्हणाले आणि घडी घालून परत दिलं. तोवर तहसीलसमोर दुसऱ्याच एकाने घरच्या पैशाने झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. आज त्या दुकानाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ट्रेनिंगभाऊ आहे. दुकानदाराशी तो हसून बोलतो. शिकलेलं वाया जात नाही.

तेव्हापासून त्याच्या बोलण्यात जगातल्या सर्व गोष्टींचे दोन भाग झाले. मंजूर झालेल्या आणि वाटप झालेल्या. गावात कोणाचं लग्न जमलं तर विचारतो, ‘‘मंजूर झालं का वाटप?’’ म्हणजे सुपारी फुटली की अक्षता पडल्या. पाऊस आभाळात मंजूर असतो. नळाचं पाणी मंजूर आहे. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात अनुदानावरच्या दुधाळ गाई होत्या. त्या मात्र वाटप झाल्या. पण गाईंना लागणारा हिरवा चारा कोरडवाहू गावात ना मंजूर होता ना वाटपात, तेव्हा गाई आल्या वाटेने पुढच्या बाजाराला गेल्या. दुग्धव्यवसायाचं प्रमाणपत्र राहिलं.

पण माणसाला त्याच्या खऱ्या रूपात पाहायचं असेल तर प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पाहावं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना सगळे आरसेटी म्हणतात, त्या २००९ नंतर जिल्ह्याजिल्ह्यात निघाल्या. मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरेची, १९८२ सालची. आरसेटी बँका चालवतात. राहणं फुकट, जेवण फुकट, फी नाही. बॅच पस्तिसाची. वयाची अट तेव्हा १८ ते ४५. शेळीपालन दहा दिवसांत होतं, मोबाईल दुरुस्तीला महिना लागतो. यात काही वाईट नाही. उलट सरकारी कल्पनांमध्ये ही बरीच बरी कल्पना आहे, आणि इथं शिकून पोट भरणारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांची आणि ट्रेनिंगभाऊची गाठ एकदाच पडते. ते पुन्हा येत नाहीत, हा पुन्हा येतो.

पहिल्या दिवशी खेळ असतात. रिंग टाकायचा खेळ असतो. जमिनीवर रेघा, समोर खुंटी, आणि कुठल्या रेघेवरून रिंग टाकायची ते तुम्हीच ठरवायचं. अगदी जवळून टाकणारा भित्रा, अगदी लांबून टाकणारा जुगारी, आणि मधल्या रेघेवरून टाकणारा खरा उद्योजक. यामागं मोठं शास्त्र आहे. डेव्हिड मॅक्लेलँड नावाच्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना असंच प्रशिक्षण देऊन पाहिलं होतं, की यश मिळवण्याची भूक शिकवून वाढवता येते का. तिथून हे खेळ फिरत फिरत आमच्यापर्यंत आले. मॅक्लेलँडने सगळा विचार केला होता, फक्त एकच माणूस हा खेळ दर तीन महिन्यांनी खेळेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. ट्रेनिंगभाऊ रिंग हातात घेतो, मागं-पुढं पाहून विचारात पडल्याचं दाखवतो आणि मधल्या रेघेवर जाऊन उभा राहतो. प्रशिक्षक खुश. शेजारचा नवा पोरगा लांबच्या रेघेकडे निघालेला असतो. त्याचा शर्ट मागून ओढून हा पुटपुटतो, ‘‘मधात ये बे. पेपर फुटला हाये.’’

दुसरा खेळ मनोऱ्याचा. डोळ्यांवर पट्टी, डावा हात, लाकडी ठोकळे एकावर एक रचायचे. शेजारी दोघं, घरच्या माणसांच्या भूमिकेत. एक धीर देणारा, एक सूचना करणारा. आपण किती रचू ते आधी बोलून दाखवायचं आणि मग करून दाखवायचं. बाकीचे बारा म्हणतात आणि सातव्याला कोसळतात. ट्रेनिंगभाऊ जेवढे बोलतो तेवढे रचतो. हात थरथरत नाही, श्वास जागेवर. इतक्या वर्षांत डावा हात असा तयार झालाय की वहिनी म्हणतात, घरात उजव्या हाताने जे जमत नाही ते याहीले तिथं डाव्या हातानं जमते. मी एकदा समारोपाला गेलो होतो, तेव्हा हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला. डोळे बांधलेला, टी-शर्टावर कुठल्या तरी अभियानाचं बोधचिन्ह, आणि समोर ठोकळ्यांचा सरळ मनोरा. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. त्या क्षणी तो खरोखर उद्योजक होता. मग ठोकळे खोक्यात भरले गेले.

समारोपाला प्रशिक्षणार्थींच्या वतीने मनोगत लागतं. बाकी चौतीस जण एकमेकांच्या पाठीमागं लपतात, म्हणून तेही याच्याकडेच. ‘‘या प्रशिक्षणामुळं माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली,’’ असं तो दर वेळी सांगतो. त्याच्या आयुष्याला इतक्या कलाटण्या मिळाल्या आहेत की तोंड फिरून पुन्हा मूळ दिशेलाच आलं आहे. मग सामूहिक फोटो. दुसरी रांग, डावीकडून तिसरा. घरी असे फोटो भिंतीभर आहेत. मागच्या फलकावरचे मुख्यमंत्री बदलत जातात, योजनेचं नाव बदलत जातं, प्रशिक्षकांच्या जागी प्रशिक्षकांचे विद्यार्थी येतात, याचे केस मागं सरकत जातात. उद्या कोणाला महाराष्ट्रातल्या स्वयंरोजगाराचा इतिहास लिहायचा असेल तर त्याने आधी ही भिंत पाहावी.

मार्च महिन्यात त्याचा फोन सारखा वाजतो. वर्ष संपत आलेलं असतं, बॅचचं उद्दिष्ट राहिलेलं असतं आणि तेहतीस जण गोळा होऊन गाडं अडलेलं असतं. तेव्हा कोणत्या तरी केंद्राचे साहेब आवाज मऊ करून विचारतात, ‘‘भाऊ, आहात का मोकळे? दोन कमी पडून राहिले.’’ हा आधी कॅलेंडर पाहतो. खरंच पाहतो. मग म्हणतो, ‘‘मी येतो, अन् शेजारचा एक पोट्टा आणतो.’’ मला एकदा एसटी स्टँडवर चहा पिताना त्याने ऐकवलं, ‘‘सर, लोक म्हन्ते मी योजनाइवर जगतो. तुमी सांगा, कोन कोनाच्या भरोशावर हाये?’’ याच्यावर मी बराच विचार केला. पस्तिसावा माणूस नसेल तर बॅच नाही, बॅच नसेल तर निधी परत, निधी परत गेला तर पुढच्या वर्षी उद्दिष्ट कमी. एक माणूस नुसता जागेवर बसून एवढं सावरून धरत असेल तर त्याला बेरोजगार म्हणणं जिवावर येतं.

आमच्या भागाचं दुखणं वेगळंच आहे, आणि ते हॉलमध्ये बोलत नाहीत. कौशल्य कमी आहे असं गृहीत धरून सगळं चाललंय. गिऱ्हाईक कमी आहे, त्याचं प्रशिक्षण कोण देणार? एका वर्षी पंचक्रोशीतली पस्तीस पोरं मोबाईल दुरुस्ती शिकून एकदम बाहेर पडली. मोबाईल बिघडण्याचा वेग काही तेवढा नव्हता. काही दिवस ती पोरं एकमेकांचेच मोबाईल उघडून बसत. मोटर रिवाइंडिंग याने शिकलं ते नेमकं भारनियमनाच्या दिवसांत. दिवसातले कितीतरी तास वीजच नसे, मोटर जळायला वाव कुठला? कारखाने म्हणावे तर लोहाऱ्याची एमआयडीसी, वणीकडं कोळशाच्या खाणी, बाकी जिनिंग, तेही कापसाच्या हंगामापुरतं. आणि गंमत पाहा, कापूस फुटला की वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी गावोगाव जीप घेऊन फिरतात. वेचणीचं प्रमाणपत्र नाही ना.

शेळ्यांचं मात्र सांगितलं पाहिजे. शेळ्या आणल्या वहिनींनी, बचत गटाच्या कर्जातून. दोनच्या आता नऊ झाल्या. भाऊने दहा दिवसांच्या नोट्स काढून सांगायला सुरुवात केली की उस्मानाबादी घ्यायला पाहिजे होती. वहिनी म्हणाल्या, ‘‘जे बाजारात होतं ते आणलं, पाटीवर नाव लिवून नोतं.’’ निघाली ती आपली इकडचीच बेरारी, काटक. पण पावसाळ्याच्या तोंडाला भाऊ फाईलमधून एक तक्ता काढतो, त्यावर आंत्रविषार, पीपीआर अशा रोगांच्या नोंदी आहेत, आणि सायकल काढून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या साहेबाला गाठून सगळ्यांना लस टोचून घेतो. गेल्या काही वर्षांत गल्लीत इतरांच्या बकऱ्या मेल्या, यांची एक मेली नाही. हे त्याच्या यशात तो धरत नाही. ‘‘ते तं घरचं काम हाये.’’

तसंच अर्जांचं. गावातल्या कुणाच्या मुलीचा रुग्णालयात सहायकाचा कोर्स, कुणाचं जेसीबी चालवण्याचं प्रशिक्षण, एका विधवा बाईचं शिलाई मशीन, एकाच्या पिठाच्या गिरणीचं प्रकरण मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, हे सगळे अर्ज याने भरून दिले. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल आधी घ्या, आधारला बँक खातं जोडून घ्या, नावात एका कागदावर ‘भाऊराव’ अन् दुसऱ्यावर ‘भाऊ’ असेल तर अर्ज आत्ताच थांबवा. त्यातले बरेच जण आज कामाला आहेत. मोबदला एक चहा, एक खर्रा. जेसीबीवाला पोरगा महिन्याला जे कमावतो ते ऐकून ट्रेनिंगभाऊ अभिमानाने म्हणतो, ‘‘त्याचा फॉर्म पहिल्याच खेपेत पास झाला होता. एकबी क्वेरी नोती.’’

त्याचा मुलगा बी.ए. झाला त्या साली, २०२४च्या जुलैत, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. १८ ते ३५ वय, बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार महिना. पोरगा एका सरकारी कार्यालयात लागला. वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, हजेरीचा फोटो रोज काढून ठेवजो. मुदत सहा महिन्यांची होती, ती वाढून अकरा झाली, आणि अकरा संपले. ठिकठिकाणची पोरं कायम करा म्हणून रस्त्यावर बसली, भाऊचा पोरगाही एक-दोनदा जाऊन आला. शेवटी एका रोजगार मेळाव्यात पुण्याकडच्या कंपनीचं टेबल होतं. आपल्याकडच्या मेळाव्यात मिळणारा रोजगार बहुधा चाकणला असतो. पोरगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेला. खोलीभाडं, मेस आणि दिवाळीचं तिकीट जाऊन उरतं ते सांगण्यासारखं नाही. पण कंपनीने गळ्यात ओळखपत्र घातलंय, त्यावर नावाखाली ‘ट्रेनी’ लिहिलंय. बापाने ते फोटोत मोठं करून पाहिलं आणि डोळे टिपले. घराणं पुढं चाललं होतं.

खुद्द त्याच्यावर संकट आलं ते पंचेचाळीस पूर्ण झाली तेव्हा. वाढदिवस गावात कोणी पाळत नाही, यांच्याकडे मात्र त्या दिवशी सुतक. मार्चमध्ये फोन वाजला, साहेबांनी जन्मतारीख विचारली आणि पलीकडे बराच वेळ शांतता. पुढची काही वर्षं तो अगदी मलूल होता. मग १७ सप्टेंबर २०२३ला पीएम विश्वकर्मा सुरू झाली आणि तिला वयाची वरची अट नाही असं कळलं. प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांचं ई-व्हाउचर, मग कर्ज. अडचण एकच, परंपरागत अठरा व्यवसायांपैकी एक आपला असावा लागतो. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट, हार करणारे, टोपल्या विणणारे, कुलपं करणारे, होड्या बांधणारे. यादी घेऊन तो माझ्याकडे आला. होडी कापून टाकली, घाटंजीत समुद्र नाही. खूप वेळ त्याचं बोट ‘बाहुल्या व खेळणी’वर थांबलं. ‘‘लाकडी ठोकळे एकावर एक ठेवाचा मले अनुभव हाये,’’ तो म्हणाला. पण पडताळणी ग्रामपंचायतीतून होते आणि सरपंच शेजारीच राहतो, तेव्हा ते जमलं नाही. २० सप्टेंबर २०२४ला वर्ध्याला त्या योजनेचा वर्षपूर्तीचा कार्यक्रम झाला, पंतप्रधान आले होते. हा बसमध्ये बसून गेला. टोपी घेऊन आला.

गेल्या हिवाळ्यात एका केंद्रातून फोन आला. या वेळी जन्मतारीख विचारली नाही. अभ्यासक्रमात ‘यशस्वी माजी प्रशिक्षणार्थीचे अनुभवकथन’ असा एक तास असतो. ठरलेला यशस्वी माणूस धंद्याच्या कामात अडकला होता, येऊ शकत नव्हता. यशस्वी माणसांचं हेच होतं. तुम्ही याल का?

त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मीही गेलो, मागं बसलो. मला वाटलं होतं, आता कलाटणीचं भाषण होईल. तो फळ्यापाशी गेला आणि विचारलं, ‘‘टीसीवरचं नाव अन् आधारवरचं नाव सारखं असनारे किती जन हाये? हात वर करा.’’ पस्तिसातले अकरा हात वर झाले. ‘‘बाकीच्याइनं लिवून घ्या,’’ तो म्हणाला. मग दीड तास तो बोलला. मंजुरीचं पत्र हातात आलं की बँकेत कोणत्या आठवड्यात जायचं, महिनाअखेर का टाळायची, मार्चमध्ये का सोडायचं नाही. मॅनेजर बदलायच्या आधी प्रकरण कसं पुढं सरकवायचं. तारण मागितलं तर भांडायचं नाही, मागतो ते लेखी द्या म्हणायचं. पोचपावतीशिवाय काउंटर सोडायचा नाही. गावात ज्या धंद्याची दोन दुकानं आहेत तो धंदा लिहायचा नाही. एका मुलीने विचारलं, ‘‘काका, तुमचा कोणता व्यवसाय आहे?’’ हॉलमधले साहेब खुर्चीत सावरून बसले. ट्रेनिंगभाऊने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. ‘‘माहावाला? माह्यावालं प्रकरन बँकेत हाये,’’ तो म्हणाला आणि जामीनदाराच्या मुद्द्याकडे वळला. जेवणाची घंटा झाली तरी पोरं उठेनात.

या तासाला मानधन असतं. इतक्या वर्षांत ट्रेनिंगमधून त्याला मिळणारी ही पहिली कमाई. कार्यालयात त्याच्याकडून पॅनकार्ड, आधार, रद्द केलेला चेक, दोन फोटो आणि ‘अन्यत्र शासकीय सेवेत नाही’ असं स्वयंघोषणापत्र मागितलं. त्याने उभ्या उभ्या फाईलमधून सगळं काढून टेबलावर ठेवलं, स्वयंघोषणापत्रासकट, तेही तयारच होतं. बाबू चकित झाला. पोचपावती घेऊन ट्रेनिंगभाऊ बाहेर आला.

परवा स्टँडवर भेटला तेव्हा मी विचारलं, मिळालं का मानधन?

‘‘मंजूर झालं,’’ तो म्हणाला आणि खर्रा पुढं केला. ‘‘घ्या सर. वाटपाचं मार्चनंतर पाहू म्हन्ते.’’